ताईचे राहिलेले भाषण

कुजबुजेकाकांना कोणाचे वाक्य अर्धवट राहिलेले बघवत नसे. डॉक्टर नाडी धरून म्हणाले, "आता तुम्ही रोज सकाळी जरा..." की हे हलकेच म्हणत, "चालत जा." डॉक्टरही चपापून म्हणत, "हो, चालत जा." घरी बायको भांडायला उभी राहिली आणि रागाच्या भरात तिला शब्द सापडेना, तर तोही हेच पुरवत. "तुम्ही म्हणजे अगदी..." "बेफिकीर," काका पुटपुटत. "हो, बेफिकीर," ती म्हणे, आणि भांडण पुढे सुरू होई.

चोवीस वर्षे हौशी नाटकमंडळीत प्रॉम्प्टिंग केल्याचा हा परिणाम. त्यांचे आडनाव खरे तर वेगळेच होते, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरले होते. विंगेत, लोखंडी स्टुलावर, मांडीवर पुस्तक आणि पुस्तकावर छोटी बॅटरी धरून बसलेला माणूस म्हणजे कुजबुजेकाका.

पोटापाण्याचा धंदा बुकबाइंडिंगचा. एका दुमजली इमारतीच्या जिन्याखाली त्यांची खोली होती. उंच माणसाला आत जाताना नम्र व्हावेच लागे. एका बाजूला पुस्तके दाबायचा लोखंडी दाब, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्यांची थप्पी, मध्ये खळीचे पातेले. शाळेची हजेरीपुस्तके, वकिलांचे जाडजूड ग्रंथ आणि वाचनालयातल्या फाटक्या कादंबऱ्या त्यांच्याकडे येत आणि नवी अंगरखी घालून परत जात. त्यांनी शिवलेले पुस्तक पुन्हा उसवल्याचे कोणी ऐकले नव्हते.

दाबाच्या वर एक चौकट टांगलेली होती. आत वर्तमानपत्राचे पिवळे पडलेले कात्रण, मथळा असा: "शब्दाविण पश्चात्ताप". काकांची आयुष्यभराची कीर्ती तेवढ्या चौकटीत मावत होती, आणि ती सगळी थापेवर उभी होती.

मंडळींचे एक ठरलेले जुने तीन अंकी नाटक होते. दर तीन-चार वर्षांनी ते पुन्हा उभे राही. गोष्ट एका उडाणटप्पू मुलाची. पहिल्या अंकात तो बापाला फसवतो, दुसऱ्यात आईचे दागिने घेऊन पळतो, आणि तिसऱ्या अंकाच्या शेवटी, बाप थकलेला, बहिणीच्या डोक्यावर घराचा सगळा भार, अशा वेळी तो दारात येऊन उभा राहतो. तोंड उघडतो. शब्द फुटत नाही. बाप उठतो आणि त्याला छातीशी धरतो. पडदा. इथे प्रेक्षागृहात हमखास नाके ओढल्याचे आवाज येत. गावातल्या माणसांना हा शेवट इतका पाठ होता, की मिठी पडली की ते डोळे पुसत पुसत चपला शोधू लागत.

तेहतीस वर्षांपूर्वी हा मुलगा पहिल्यांदा काकांनी केला होता. तेव्हा ते काका नव्हते, अठ्ठावीस वर्षांचे, भरगच्च केसांचे होते, आणि अभ्यासाच्या बाबतीत नाटकातल्या मुलाचे सख्खे भाऊ होते. मूळ नाटकात त्या मुलाला शेवटी पानभर माफीचे भाषण होते. पण तालीम शेवटापर्यंत कधी पोचतच नसे. हॉलचा चौकीदार किल्ल्या वाजवत दारात उभा राही आणि दिग्दर्शक गुरुजी म्हणत, "चला, शेवटचं पान आपलं आपण बघून घ्या." बाकीच्यांनी बघितले. यांनी नाही बघितले. परीक्षेत शेवटचा धडा येत नाही, असा शाळेपासूनचा अनुभव होता.

त्या दिवशी तो धडा आला. हे दारात उभे राहिले, तोंड उघडले, आणि आत काहीच नव्हते. विंगेकडे पाहिले, तर तेव्हाचा प्रॉम्प्टर पुस्तक मिटून चहाला गेलेला. बापाची भूमिका करणारे गृहस्थ औषधाच्या दुकानात काम करत. त्यांना चेहऱ्यावरून रोग ओळखायची सवय होती. ते लगबगीने उठले, मुलाला मिठीत घेतले आणि कानात म्हणाले, "मूर्खा, रड निदान." पडदा ओढणाऱ्याला वाटले, संपले. त्याने पडदा ओढला.

पडद्यामागे हातात कंदील घेऊन एक पंचवीस वर्षांची मुलगी तोंड उघडे टाकून उभी राहिली. ती बहीण. मिठीनंतर तिचे भाषण होते, नाटकातले शेवटचे आणि तिच्या वाट्याचे एकमेव मोठे. बाकी तीन अंक ती पाणी देत होती आणि "बाबा, जेवून घ्या" म्हणत होती.

गुरुजी डोळे पुसत आत आले. "हे तू ठरवून केलंस?"

आता इथे खरे सांगायला हरकत नव्हती. पण ज्या तोंडाला मघाशी एक अक्षर सुचले नव्हते, त्याला आता कोणी न सांगता सगळे सुचले. "हो गुरुजी. तोंडानं मागितलेली माफी हलकी वाटली. म्हणून गिळली."

गुरुजींनी त्यांना दुसरी मिठी मारली. आठवड्यात कात्रण आले.

"गुरुजी, माझं भाषण?" मुलीने विचारले.

"अगं, मिठीनंतर कोण ऐकतंय?" गुरुजी म्हणाले. तेव्हापासून शेवट तोच.

ती मुलगी म्हणजे ताई. काकांहून तीन वर्षांनी लहान, पण नाटकातली मोठी बहीण, म्हणून अख्खी मंडळी तिला ताई म्हणे, काकासुद्धा. काकांचे केस गेले तसा मुलगा दुसऱ्याकडे गेला, मग तिसऱ्याकडे. बाप बदलले. ताईने मात्र बहीण कोणाला दिली नाही. आता ती अठ्ठावन्न वर्षांची होती आणि यंदाचा बाप, निवृत्तीकडे डोळे लावून बसलेला पोस्टमन, चोपन्नचा. "बापाला ताईनं मांडीवर खेळवलंय," अशी चेष्टा चाले. ताई केसांना कलप लावी आणि ऐकून न ऐकल्यासारखे करी. म्हातारचळ, असे लोक म्हणत.

गुरुजी वारले, त्याला पंधरा वर्षे झाली. त्यांची गणित शिकवणारी मुलगी दिग्दर्शन करू लागली. ती पुस्तकाबरहुकूम जाणारी बाई. पुस्तक उघडून तिने मूळ शेवट वाचला, तर ती म्हणणार, हे भाषण का गाळले? मग कोणीतरी जुने म्हणणार, तो विसरला होता म्हणून. चोराच्या मनात चांदणे. काकांनी मंडळींच्या नऊच्या नऊ प्रती "फार खिळखिळ्या झाल्यात" म्हणून दुकानात नेल्या, आणि प्रत्येकीतले शेवटचे पान, एकाहत्तर-बहात्तर, मुळापासून कापून काढले. पुढच्या बाजूला मुलाचे भाषण, मागच्या बाजूला ताईचे. सत्तराव्या पानाखाली पेन्सिलीने सुबक अक्षरात लिहिले: "मिठी. पडदा." जुन्या पुस्तकाचे शेवटचे पान गेलेलेच असते, कोणाला नवल वाटत नाही.

त्या वर्षी ताई तालमीत म्हणाली होती, "आता तरी माझं भाषण घ्या." काका म्हणाले, "पुस्तकात असेल तर घेऊ." ताईने पुस्तक हातात घेतले, उलटे केले, शिवण बघितली, काकांकडे बघितले आणि पुस्तक परत दिले. बोलली काहीच नाही.

यंदाचा मुलगा होता उशीरराव. वय चोवीस, काम घरोघरी पार्सले पोचवण्याचे, आणि पार्सलासकट सगळीकडे उशिरा पोचण्याबद्दल त्याची ख्याती. दिसायला राजबिंडा, बोलायला लोणी, पाठांतराच्या नावाने शून्य. तालमीत काकांनी वाक्य सांगायचे आणि त्याने ते म्हणायचे, असे दोघे मिळून एक भूमिका करत होते.

प्रयोगाला तीन आठवडे असताना तो जिन्याखाली वाकून आत आला.

"काका, एक गुपचूप काम आहे. मंडळींचं पुस्तक माझ्याकडून हरवलं. कुठल्यातरी पार्सलबरोबर गेलं बहुतेक. रद्दीच्या दुकानात दुसरं मिळालं. त्याला आपल्यासारखाच निळा पुठ्ठा घालून द्या. मॅडमना कळलं तर मला गणित घालतील."

काकांनी पुस्तक मागूनच उघडले. शेवटी एकाहत्तर होते. बहात्तरही होते.

"परवा ये," ते म्हणाले.

परवा म्हणजे चार दिवसांनी तो आला. पुस्तक निळे, देखणे झाले होते. त्याने शेवट उघडला.

"काका, पुस्तक पातळ झालं."

"दाबात ठेवलं की होतं पातळ."

"शेवटचं पान जास्तच दाबलं गेलं वाटतं. दिसेनासंच झालंय."

"जुन्या पुस्तकांना कसर लागते रे."

"कसर एकच पान खाते? तेही सरळ रेषेत? शिकलेली दिसते."

काका खळ ढवळू लागले. खळ ढवळायची काही गरज नव्हती.

उशीरराव पुठ्ठ्यांच्या थप्पीवर ऐसपैस बसला. "ते पान मला पाठ आहे."

"तुला?" काकांना हसू आवरले नाही. "तुला तुझा फोन नंबर पाठ नाही."

"गरज पडली की येतं पाठ. एका बाईंचं पार्सल आठ दिवस माझ्या डिकीत फिरत होतं. त्यात त्यांच्या सासऱ्यांचं कानाचं यंत्र. आठ दिवस घरात नुसता आरडाओरडा. साहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. मी आदल्या दिवशीच हे पान वाचलं होतं. म्हटलं, बघू चालतं का." तो उठला, छताला डोके लागू नये म्हणून मान किंचित वाकवली, आणि ती वाकलेली मान नेमकी शोभून दिसली. "दार उघडलंत, एवढंच पुरे. आत ये म्हणू नका. मी जे नेलं ते परत आणलेलं नाही, कारण परत आणता येत नाही तेच मी नेलं. तुम्ही रागावलात तर मला सोसेल. हसलात तर कुठं बघावं कळणार नाही. क्षमा करा म्हणायला मी आलो नाही. मी चुकलो, एवढं तुमच्यासमोर उभं राहून म्हणायला आलो."

जिन्यावरून कोणीतरी धाडधाड उतरून गेले. काका पातेल्यात पळी धरून बसले होते. हे शब्द त्यांनी कापले होते, पाकिटात बंद केले होते, पण कोणाच्या तोंडून आजवर एकदाही ऐकले नव्हते.

"साहेबांनी रुमाल काढला," उशीरराव खाली बसत म्हणाला. "नोकरी वाचली. मी त्यांना नाटकाचा पाससुद्धा दिला, सातव्या रांगेतला. आता बोला, पान का खाल्लंत?"

काकांची पळी पुन्हा फिरू लागली. उशीररावाने इकडेतिकडे पाहिले, चौकटीतले कात्रण वाचले, पुन्हा एकदा वाचले. पोरगा पाठांतरात कच्चा होता, डोक्याने नव्हता.

"हात्तिच्या," तो म्हणाला. "तुम्ही विसरला होतात."

त्या दिवसापासून काकांचे हाल सुरू झाले. उशीरराव धमकी वगैरे देत नसे, फार गोड वागे. तालमीला तासभर उशिरा येऊन म्हणे, "काकांनी मला दोरा आणायला पाठवलं होतं. हो ना काका?" काका म्हणत, "हो." तिसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्हाला इतका दोरा कशाला लागतो?" एकदा तो आलाच नाही, तर काकांनी त्याची भूमिका स्टुलावरून वाचली. पोस्टमनने त्यांना चुकून मिठीही मारली.

पण काकांना टोचत होते ते वेगळेच. त्या पोराने थापेबाजीसाठी का होईना, ते शब्द उभे राहून म्हटले होते. आपण तेवढेही केले नाही. एकसष्ट वर्षांचे झालो, आणि अजून दारातच उभे. जेवताना घास फिरू लागला. बायको म्हणाली, "तुम्हाला काहीतरी..." आणि थांबली. काकांनी नेहमीप्रमाणे शब्द पुरवला नाही. ती घाबरली.

प्रयोगाला सहा दिवस राहिले, तेव्हा ते बापाचा कोट हातावर टाकून ताईच्या दुकानात गेले. ताई एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कपडे घ्यायच्या खिडकीवर बसे. मागे दांड्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कोट लटकलेले असत, बिनडोक्याच्या प्रेक्षकांसारखे. डागावरून कपडा कोणाचा हे ती ओळखे.

"खांद्यावर पोस्टमनचं तेल," कोट पाहून ती म्हणाली आणि चिठ्ठी टोचू लागली. "शुक्रवारी ने."

"ताई, एक सांगायचं होतं."

"सांग."

काकांनी कोटाच्या आतून एक जुने पाकीट काढले. कापलेली पाने त्यांनी टाकली नव्हती. बाइंडरला पान टाकवत नाही. "ही नऊ पानं आहेत. आणि हे दहावं, परवाचं. मी कापली. तुला बघून वाटलं असेल की..."

"मला काय वाटलं ते मी सांगते, तू नको सांगूस," ताई म्हणाली. "तुझी सवय आहे ती."

काकांनी पाकीट खिडकीत तिच्यासमोर ठेवले.

"पहिल्या प्रयोगात मी तुझ्यापासून चार हातांवर उभी होते. माणूस शब्द गिळतो तेव्हा गळा हलतो. तुझा गळा हलला नव्हता, पाय हलत होते. मला त्याच दिवशी कळलं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून. आज बोलेल, उद्या बोलेल. मग पुस्तकं शिवून आली, म्हणजे तू आणलीस. शिवण मला दाखवतोस? मी दिवसभर उसवलेलंच बघते."

"माझं चुकलं, ताई." शब्द बाहेर पडले आणि दुकानाचे छप्पर जागच्या जागी राहिले, याचे काकांना जरा आश्चर्यच वाटले. "मला माफ..."

"मला माफी नको. माझं भाषण हवं."

"आता?"

"लोक म्हणतात, ही बया बहिणीची भूमिका का सोडत नाही. कशी सोडू? अजून झालीच नाही ती माझी. तेहतीस वर्षं पाणी देतेय." तिने चिठ्ठी कोटाला जरा जोरातच टोचली. "पानं परत लाव. मला नकोत, माझी नक्कल माझ्या हातची लिहिलेली आहे. पुस्तकांना लाव. आणि गुरुजींच्या मुलीला तू स्वतः सांग. मी बरोबर येणार नाही."

काका गेले. मॅडम सहामाहीचे पेपर तपासत होत्या. सगळे ऐकून त्यांनी लाल पेन खाली ठेवले.

"बाबांना कळलं होतं?"

"नाही. मी खोटं बोललो, त्यांनी विश्वास ठेवला."

"ते मला सांगायचे, त्या दिवशी मी नटाकडून शिकलो." त्यांनी काकांच्या पाकिटातून एक पान ओढून घेतले. मग एकाहत्तर वाचले, बहात्तर वाचले, आणि बहात्तर पुन्हा वाचले. "हे तर त्याहून चांगलं आहे," त्या काहीशा रागानेच म्हणाल्या. "पण सहा दिवसांत त्या कार्ट्याचं पाठ कसं होणार?"

"त्याचं झालंय."

"त्याचं?" मॅडमना पहिल्या गुन्ह्यापेक्षा यावर विश्वास ठेवणे अवघड गेले. "बरं. शेवट पुस्तकाप्रमाणे. पण काका, का बदलला ते लोकांना सांगायची गरज नाही. बाबांसाठी."

उशीररावाला कळले तेव्हा त्याचा चेहरा उतरला. काकांवरचा त्याचा हक्क गेला होता. आणि दुसरे एक त्याच्या लक्षात आले.

"काका, शनिवारी साहेब येणारेत."

"मग?"

"मग काय मग? तेच भाषण आहे."

काकांना कित्येक दिवसांत पहिल्यांदा मनापासून हसू आले. "चालतं का बघू," ते म्हणाले.

शनिवारच्या संध्याकाळी प्रेक्षागृह भरले. पडद्याच्या दोरीवर नेहमीचे नळवाले मामा होते. दिवसा नळ दुरुस्त करत, नाटकाला दोरी ओढत. त्यांना मॅडमनी तीनदा, काकांनी पाचदा सांगितले होते: मिठीवर नाही, ताईच्या भाषणानंतर. दर वेळी मामा म्हणत, "हो हो, कळलं, मी काय नवीन आहे?"

दोन अंक नेहमीसारखे गेले, म्हणजे उशीरराव बोलला आणि काका त्याच्याआधी बोलले. तिसऱ्या अंकाच्या शेवटी तो दारात आला. बाप वळला. प्रेक्षकांनी रुमाल हाताशी घेतले. उशीररावाने तोंड उघडले, आणि शब्द आले.

"दार उघडलंत, एवढंच पुरे."

प्रेक्षागृहात चुळबूळ झाली. हे काय नवीन? सातव्या रांगेत एक जाड चष्म्याचे गृहस्थ ताठ बसले. "मी जे नेलं ते परत आणलेलं नाही..." गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि मान हळूहळू पुढे काढली. उशीररावाने त्यांना पाहिले. त्याच्या कपाळावर फुटलेला घाम विंगेतून काकांना दिसला. "हसलात तर कुठं बघावं कळणार नाही," तो म्हणाला, आणि त्याला खरोखरच कुठे बघावे कळत नव्हते. "क्षमा करा म्हणायला मी आलो नाही. मी..."

तो थांबला. काकांचे ओठ उघडले. "चुकलो" हा शब्द जिभेच्या टोकावर आला होता. पण पोराचा गळा हलला, आणि काकांनी ओठ मिटले.

"मी चुकलो," उशीरराव म्हणाला. आधीपेक्षा पडलेल्या आवाजात, बापाकडे नाही, सातव्या रांगेकडे बघून. "एवढं तुमच्यासमोर उभं राहून म्हणायला आलो."

पोस्टमनने त्याला मिठीत घेतले. आणि मामांनी दोरी ओढली.

डोक्याला कळले होते, हातांना कळले नव्हते. तेहतीस वर्षांची सवय. पडदा दोन्हीकडून सरसर येऊ लागला. प्रेक्षक सवयीने उठले. समोरच्या रांगेत पिशव्या उचलल्या गेल्या. ताई कंदील घेऊन पुढे झाली, आणि पडदा तिच्या दिशेने येताना तिने पाहिले.

काकांनी पुस्तक टाकले, बॅटरी टाकली, स्टूल पाडले आणि दोरीला लोंबकळले. काका वजनाने पंचावन्न, मामा नव्वद. काकांच्या चपला फळ्यांवरून घसरत गेल्या, पण त्यांनी दोरी सोडली नाही. "सोड," ते म्हणाले. "अरे सोड, तिचं व्हायचंय अजून." आयुष्यात पहिल्यांदा ते विंगेतून मोठ्याने बोलले. पाचव्या रांगेपर्यंत ऐकू गेले. मामांनी दचकून दोरी सोडली, काका मागे आपटले, आणि पडदा अर्ध्यावर थांबला.

मधल्या फटीत ताई उभी होती. समोर अर्धे लोक उभे, अर्धे बसलेले.

"बसा," ताई म्हणाली. "माझं अजून व्हायचंय."

हे पुस्तकात नव्हते. पण लोक बसले.

ताईने कंदील खाली ठेवला आणि भावाकडे वळली. "बाबांनी तुला जवळ घेतलं, चांगलं केलं. बापाचं काम मिठीनं होतं. माझं होत नाही. तू गेलास त्या दिवसापासून या घराचं पाणी मी भरलं, बाबांचं पथ्य मी सांभाळलं, आणि लोक तुझीच चौकशी करत राहिले. तू बदललास, हे मी आज मानणार नाही. आज तू दमलेला आहेस, आणि दमलेला माणूस सगळ्यांनाच भला वाटतो. उद्या बघीन. परवा बघीन. रोज तुझ्याकडे बघत राहीन. आणि मग कधीतरी एक दिवस तुझ्याकडे बघायचं विसरून जाईन. त्या दिवशी समज, तू घरी आलास. आता पाय धू. जेवायला वाढते."

अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने हे म्हटले म्हणून ते खोटे वाटले नाही. उलट, इतकी वर्षे खरोखरच वाट पाहिलेली बहीण दिसली. काका फळ्यांवर पडल्या पडल्या ऐकत होते. टाळ्या जरा उशिराच आल्या, कारण संपले की नाही याची लोकांना आता खात्री नव्हती.

प्रयोगानंतर रंगपटात गर्दी झाली. जाड चष्म्याचे साहेब आले. उशीरराव खुर्चीमागे सरकला.

"तोंडपाठ होतं तर," साहेब म्हणाले.

"हो साहेब."

"त्या दिवशीचं सगळं नाटक होतं."

"हो साहेब. आजचं नव्हतं."

साहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "सोमवारी त्या बाईंच्या घरी जा. सासऱ्यांना समोर बसवून सांग, आणि मोठ्यानं सांग. त्यांना कमी ऐकू येतं. पुस्तकातलं सांगू नकोस."

तेवढ्यात एक वयस्कर रसिक काठी टेकत काकांसमोर उभे राहिले. मंडळींचा एकही प्रयोग त्यांनी चुकवला नव्हता. "बिघडवलात शेवट," ते म्हणाले. "बाईंचं ठीक आहे, पण मुलानं बोलायला नको होतं. तुम्ही पहिल्या प्रयोगात काय केलं होतंत. शब्द गिळले होतेत. ती जात संपली आता."

काकांनी मॅडमकडे पाहिले. त्यांनी डोळ्यांनीच नको म्हटले. ताई आरशासमोर रंग उतरवत होती, तिचा हात थांबला. मान हलवली असती तरी भागले असते.

"गिळले नव्हते," काका म्हणाले. "मी पाठच केले नव्हते. एक अक्षर येत नव्हतं मला. गुरुजींना खोटं सांगितलं. आणि हिचं भाषण माझ्यामुळं गेलं."

 मॅडमनी कपाळाला हात लावला.

रसिकांनी काकांच्या खांद्यावर थोपटले. "हे बघा, मोठे नट असेच बोलतात. विनय."

"विनय नाही हो, खरंच विसरलो होतो."

"तेच म्हणतोय मी. विसरण्याचा अभिनय इतका सच्चा की स्वतःलाही खरा वाटावा." आणि ते काठी टेकत, मान डोलावत निघून गेले.

ताई अशी हसत सुटली की तोंडावरचा अर्धा उतरलेला रंग गळ्यापर्यंत ओघळला. मॅडमही हसल्या. काका मात्र हवालदिल होऊन उभे. तेहतीस वर्षांनी खरे बोलावे आणि कोणी घेऊ नये.

"तू तरी सांग त्यांना, ताई."

"मी काय सांगू? तुझं तू निस्तर. रोज एकेकाला सांगत जा."

तिने पर्समधून एक जुनी वही काढली. तिच्याच हातची नक्कल, कोपरे झिजलेले, शाई फिकट झालेली.

"पुढच्या वेळी बहीण करायला एखादी तरणी मुलगी बघा. माझी झाली भूमिका. हे तिच्यासाठी चांगलं बांधून दे."

काकांनी दोन्ही हात पुढे केले. ताईने वही दिली नाही. आधी अंगठ्याला थुंकी लावली आणि त्यांच्यासमोर एकेक पान उलटून मोजले.

"अकरा," ती म्हणाली. "घेताना पुन्हा मोजीन."

"मोज," काका म्हणाले आणि वही घेतली.